हललं नाही ते उरलं

"उरलेलं पुसायच्या आधी ते उरलं काहून, एवढं एकदा विचारत जा," डोंगरवार सरांनी ईश्वरीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि दुपारचा डबा उघडेपर्यंत ती ते विसरूनही गेली. नव्या नोकरीत पहिल्या दिवशी माणसं काय काय सांगतात. चहा कुठला घ्यायचा, एसीचा रिमोट कोणाच्या टेबलात असतो, कोणत्या साहेबापुढे हसायचं नाही. त्यातच हेही गेलं.

नागपुरातली ही कंपनी भिंतींसाठी चित्रं करायची. हॉटेलं, मंगल कार्यालयं, दवाखाने, बिल्डरांची ऑफिसं. कोणाला चाळीस फुटांचं जंगल हवं असायचं, कोणाला छतापर्यंतचा डोंगर. अशा भिंतीला पुरेल असा फोटो मिळवणं हीच मोठी अडचण होती. फोनमधला फोटो हातात कितीही देखणा दिसो, भिंतीएवढा ताणला की पाणी घातलेल्या दुधासारखा विरतो. फोटो म्हणजे शेवटी ठिपक्यांची जाळी. दोन ठिपक्यांच्या मधे काय होतं ते त्या फोटोला ठाऊकच नसतं. जुनी यंत्रं तिथे अंदाज भरायची. पानाच्या जागी पानासारखं काहीतरी, विटेच्या जागी विटेसारखं काहीतरी. भिंतीजवळ गेलं की ते खोटं उघडं पडायचं.

नवं यंत्र अंदाज करत नसे, साक्षीदार गोळा करी. एकाच जागेचे, साधारण एकाच कोनातून, वेगवेगळ्या माणसांनी काढलेले शेकडो फोटो शोधून ते एकावर एक रचायचं. दोन माणसांचे हात कधीच नेमके एका जागी नसतात, केसभर फरक पडतोच. त्या केसभर फरकामुळे एकाच्या जाळीतून निसटलेलं दुसऱ्याच्या जाळीत अडकायचं. असे थर चढत गेले की तळ्यापलीकडच्या घराचं कौलन् कौल मोजता यायचं. फोटोंची वानवा नव्हती. फोटो काढला की फोन किंवा कॅमेरा विचारायचा, "हा फोटो सामायिक साठ्यात देऊ का?" आणि लोक अशा प्रश्नांना नेहमी देतात तसं 'हो' दाबून मोकळे व्हायचे. माणसांची ओळख लपावी म्हणून कायद्याने साठ्यातल्या प्रत्येक फोटोतला चेहरा पुसला जाई.

अट एकच होती. वस्तू हलता कामा नये. यंत्र प्रत्येक जागेवर बहुमत घ्यायचं. बदक, डोंगा, म्हैस, सायकलवाला एखाद्या फोटोत असणार, बाकीच्यांत नसणार. बहुमतात ते हरत आणि चित्रातून नाहीसे होत. म्हणून कंपनीची सगळी चित्रं ओस असायची. त्यातूनही काही ना काही उरायचंच. महिनोन् महिने उभी असलेली मोटारसायकल, कोणी न काढलेलं बॅनर. ऑफिसात त्याला 'ठिय्या' म्हणत. ठिय्या पुसायचा, चित्र स्वच्छ करायचं, पुढे पाठवायचं.

कोणते फोटो यंत्राला द्यायचे हे निवडण्याचं काम ईश्वरीकडे होतं. ऊन कोणत्या बाजूने पडलंय, हवेत धूळ आहे का, धान उभं आहे की कापलेलं, हे माणसाच्याच डोळ्याला कळतं. तिचा डोळा तसा होताच. गॅसचं बटण दोनदा पाहणारी, दाराची कडी तीनदा ओढणारी बाई ती. अन्वी झाल्यापासून तर झोपलेल्या पोरीच्या नाकापुढे बोट धरून श्वास पाहण्याची तिला सवयच लागली होती. बाळंतपणानंतर ती हे काम घरूनच करायची. एक डोळा पडद्यावर, एक रांगणाऱ्या पोरीवर.

हिवाळा संपता संपता एका नव्या दवाखान्याचं काम आलं. वाट पाहायच्या दालनात साठ फुटी भिंत होती. तिथल्या व्यवस्थापक भेंडारकर मॅडम फोनवर म्हणाल्या, "परदेशी बर्फबिर्फ नका दाखवू हो. पेशंटला आपलं वाटलं पाहिजे. पाणी असू द्या."

"तळं चालेल?" ईश्वरीने विचारलं. "माझ्या माहेरचं आहे. चिचबांध."

"चालेल की. तुमच्या आईचं घर येते काय त्यात?"

"येते ना. पाळीवरच आहे, तळ्याच्या बांधावर."

चिचबांध म्हणजे भंडाऱ्याच्या पुढचं तळ्याकाठचं गाव. थंडीत तिथे परदेशी बदकं उतरतात आणि त्यांच्या मागे लांबलचक भिंगं घेऊन पक्षीवाले येतात. समोरच्या काठावर पहाटेपासून तिपाया लावून बसतात. बदकांमागे गावाकडचा काठ येतो, काठावरची घरं येतात. इतके चांगले फोटो तिला आजवर कुठल्याच गावाचे मिळाले नव्हते. अख्ख्या हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हाचे फोटो तिने निवडून काढले.

निवडताना मनात जरा कडवटपणा होताच. आई, वनमालाबाई, शाळेतून निवृत्त झालेली, एकटी, हिंडतीफिरती. बाळंतपणाला नागपूरला आली ती महिना पुरा व्हायच्या आत अचानक बॅग भरून निघून गेली. "माझं मन नाई लागत बाई इथं," एवढंच म्हणाली. त्याला वर्ष होत आलं. परत आली नाही, आणि रुसून ईश्वरीही गेली नाही. फोन रोज करायची, पण साधा. फोनचा कॅमेरा बिघडला म्हणे, तो दुरुस्त करायला तिला सवड नाही.

"आत्ताच पाळीवरून फिरून आली," ती सांगायची. "मग भजनाले जाईन. मले काय धाड भरली? तू पोरीकडे पाह्य."

"फिरायला वेळ आहे, भजनाला वेळ आहे," फोन ठेवून ईश्वरी नवऱ्याला म्हणायची. "नातीपेक्षा बदकं प्यारी आहेत तिला."

"असू दे ना," प्रणय म्हणायचा. "त्यांनी तुला वाढवलं. आता आपली आपण वाढवू."

तिला ते पटायचं नाही. मावशीला, चुलतबहिणीला, सासूला, सगळ्यांना तिने बदकांची गोष्ट ऐकवून झाली होती. सगळ्या हसल्याही होत्या.

थर चढून चित्र तयार झालं. निळं पाणी, पलीकडे हिरवट डोंगर, पाळ, पाळीवरची चिंच आणि तिच्या डाव्या हाताला माहेरचं घर. पुढची छपरी, म्हणजे उघडी ओसरी, स्वच्छ दिसत होती. छपरीत काहीतरी तपकिरी बोचकं होतं. आईने खुर्चीवर गोधडी टाकली असेल, उन्हात. ईश्वरीने सवयीने ते पुसलं, चिंचेखालची मोटारसायकल पुसली आणि चित्र पाठवून दिलं.

दोन दिवसांनी भेंडारकर मॅडमचा फोन आला. "सुंदर आहे हो. पण राग मानू नका, भुताचं गाव वाटते. कोणीच नाही! आमच्याकडे लोक आधीच घाबरून येतात. काहीतरी राहू द्या ना. दोरीवर लुगडं, अंगणात बाज, काहीबी."

ईश्वरीला हसू आलं. पुसलेले ठिय्ये तिच्याकडे वेगळे ठेवलेले असायचे. गोधडी परत टाकू, म्हणजे माहेरच्या घरात ऊब दिसेल, असा तिने विचार केला. कडा नीट बसवण्यासाठी तिने तो तुकडा पडद्यावर पूर्ण मोठा केला.

ती गोधडी नव्हती.

खुर्ची होती, नायलॉनच्या पट्ट्यांची. तिच्यावर साडीच्या आकाराचा रंग होता. रोजची साडी वेगळी, त्यामुळे कुठल्याच रंगाला बहुमत मिळालं नव्हतं आणि सगळे मिसळून तो मातकट तपकिरी झाला होता. वर चेहऱ्याच्या जागी कायद्याचा धुरकट गोळा. उजवा हात नव्हताच. पण मांडीवर डावा हात होता, आणि तो कौलांइतका स्पष्ट होता. मुठीची पाचही बोटं, आत वळलेला अंगठा, हिरव्या काचेच्या बांगड्या, पाटली, पाटलीवरची नक्षीसुद्धा.

अन्वी पायाशी येऊन ओढणी ओढत होती. ईश्वरीने तिला उचलून मांडीवर घेतलं आणि पुन्हा पाहिलं. उजवा हात हलतो म्हणून तो गेला. डावा उरला.

तिने फोन लावला. "आई, कुठे आहेस?"

"पाळीवर. आज जरा दूर गेली चालत. काहून?"

"काही नाही. आवाज ऐकायला केला."

बोलता बोलता तिने साठ्यातले आजचे फोटो उघडले. परतीला निघालेली शेवटची बदकं टिपायला एकदोन पक्षीवाले अजून बसलेले होते. तेवढ्यात साठ्यात पडलेला एक फोटो तिने मोठा केला. छपरी, खुर्ची, पुसलेला चेहरा, उजव्या हाताने कानाला लावलेला फोन. डावा हात मांडीवर.

"दम नाही लागत तुला, चालताना बोलतेस ते?" ईश्वरीने विचारलं.

"लागतो ना थोडासा," आई म्हणाली. आणि फोनमध्ये खोटं खोटं धापाही टाकली.

संध्याकाळी तिने प्रणयला सगळं दाखवलं. तो म्हणाला, "सांग ना त्यांना."

"सांगितलं की लपवेल. आत जाऊन बसेल. मग मला तेही दिसणार नाही." त्या दिवसापासून ती रोजचे फोटो पाहू लागली. सकाळी दुधाच्या आधी, दुपारी पोर झोपली की. तिला खुर्ची सापडायची, खुर्चीत आई सापडायची. शेजारच्या टेंभुर्णेबाई डबा घेऊन येताना एकदा सापडल्या. आईने उजव्या हाताने डबा मांडीवर घेतला होता.

चौथ्या दिवशी प्रणयने लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. "ईशू, तू आईला पाहून राहिली, का चोरून पाहून राहिली? पक्षीवाले गेले उद्या, तर काय करशील?"

ती चिडली. सकाळी तिने अन्वीचं सामान भरलं आणि भंडाऱ्याची बस पकडली.

फाटक वाजलं तशी आईने उजव्या हाताने पदर सावरला. उठली नाही. "अवं, फोन तर करायचा! मी काहीच नाई केलं जेवायले." मग अन्वीकडे पाहून तिचा सगळा चेहरा उजळला. "किती मोठी झाली वं माय ही! दात आले?"

"घे ना हिला." ईश्वरीने पोर पुढे केली.

आई मागे सरकली. "नको. हात ओले हायेत माझे."

दोन्ही हात कोरडे होते. ईश्वरीने अन्वीला खाली सोडलं, खुर्चीपुढे बसली आणि आईचा डावा हात हातात घेतला. बोटं गार होती. "ही मूठ उघड बरं."

आईने उजव्या हाताने पदर त्या मुठीवर ओढला. मग म्हणाली, "तुले टेंभुर्णेबाईनं सांगितलं. तिच्या पोटात काहीच नाई रायत."

"कोणी नाही सांगितलं." ईश्वरीने फोनवर चित्र दाखवलं. घर, छपरी, खुर्ची, मग मोठा करून हात.

वनमालाबाईंनी ते खूप वेळ पाहिलं. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली नजर ती. "पाटली छान दिसते," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलला. "मले विचारलं होतं काय कोणी?"

"नाही."

"मग ही चोरीच झाली ना. मी आपल्या घरी, आपल्या छपरीत बसली. अन् तू भिंतीतून पाहून रायली माझ्याकडे."

"हो," ईश्वरी म्हणाली. "आणि तू छपरीत बसून पाळीवरच्या गप्पा मारून राहिली. धापा टाकून."

आईला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. अन्वी खुर्चीचा पाय धरून उभी राहायला बघत होती. आईने उजव्या हाताने खुर्ची गच्च धरली.

"पोरीले पायावर घेऊन न्हाऊ घालत होती मी," ती पोरीकडे पाहतच म्हणाली. "तिकडे, नागपूरले. तू आत झोपली होतीस. डावा हात तिच्या मानेखाली. तो सुटला. पाण्यातच होता ना, मले कळलंच नाई सुटला म्हणून. पोर घसरली. पायात दाबून सावरली मी तिले."

ईश्वरीने नकळत अन्वीला घट्ट धरलं.

"पाह्य, पाह्य कशी धरतेस तिले," आई म्हणाली. "म्हणूनच नाई सांगितलं. तू पोरीच्या नाकापुढे बोट धरून रात्र काढतेस. तुले मी काय सांगू? का आजीच्या हातून पडता पडता वाचली? दुसऱ्या दिवशी निघाली मी. डावा पायही जड झाला होता. वाटलं, इथं येऊन मालिशनं होईन बरी. मग जाईन."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं असतं तर तुले कळलं नसतं? मग इथलं घर बंद अन् मी तुमच्या हॉलमध्ये. माझ्या हातात नाई पोर देणार तू, अन् मी पाहत बसणार."

ईश्वरीला बदकांची गोष्ट आठवली. किती जणींना सांगितली, कशी रंगवून सांगितली. तिने अन्वीला उचललं आणि आईच्या मांडीवर बसवलं. आपले दोन्ही हात पोरीच्या बगलेखाली तसेच ठेवले. आईने उजवा हात पोरीच्या पाठीवर टेकवला. दोघींचंही अंग अवघडलं होतं. अन्वीने मात्र जराही संकोच न करता आजीच्या बांगड्या धरून ओढल्या.

नागपुरात तपासण्या झाल्या. मेंदूत लहानशी गुठळी होऊन गेली होती, वर्ष जुनी. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. "तेव्हा लगेच आला असता तर हात बराचसा परत आला असता. आता जेवढा येईल तेवढा. पण पुढचा झटका नक्की टाळू शकतो, गोळ्या चुकवू नका." आईने सगळं ऐकून घेतलं. ठरलं ते असं: उन्हाळाभर व्यायामासाठी नागपूर, नंतर चिचबांध, आणि फोन कॅमेऱ्याचा. आईने त्यात एक अट घातली. पोरीला न्हाऊ घालणार नाही, पण भरवणार ती.

दवाखान्याच्या भिंतीचं काय करायचं हे ईश्वरीने आईलाच विचारलं.

"मले पुसून टाक," आई म्हणाली. "तिथं बिचारे सगळे बसूनच रायतात. आणखी एक बसलेली कायले? खुर्ची ठेव. कोणी उठून गेलं वाटेल."

भेंडारकर मॅडमना रिकामी खुर्ची फार आवडली.

मग ईश्वरीने डोंगरवार सरांना फोन केला. आपल्याकडच्या सगळ्या जुन्या चित्रांतले ठिय्ये उघडून पाहावेत, माणूस निघाला तर कोणाला तरी कळवावं, असं तिने सुचवलं. "मी वर बोललो होतो हे, तुझ्याही आधी," ते म्हणाले. "कंपनीचे वकील म्हणतात, साठ्यातून माणूस ओळखणं गुन्हा आहे. आपण भिंती विकतो, माणसं शोधत नाही. आणि ईश्वरी, त्यांचंही एकदम चूक नाही. तुझ्या आईला राग आला होता ना?"

आला होता. ईश्वरीने एवढंच केलं आहे की आता ती कुठलाही ठिय्या पूर्ण मोठा करून पाहिल्याशिवाय पुसत नाही. मोटारसायकल निघाली की तिला बरं वाटतं.

मागच्या आठवड्यात एका हॉटेलसाठी धानोलीच्या डोंगराचं चित्र तिने केलं. त्यात कोपऱ्यात एका इमारतीची खिडकी आहे. खिडकीत, पलंगाच्या कडेला, कोणीतरी बसलेलं आहे. बाई की बुवा, कळत नाही. खांदे, वाकलेली मान आणि गळ्यात अडकवलेला चष्मा, सगळं स्पष्ट आहे. फोटो हिवाळ्यातले होते. उन्हाळ्यात डोंगर करपतो, तिकडे फोटो काढायला कोणी जात नाही, म्हणून नंतरचा थर तिच्याकडे नाही. तिने पोलीस ठाण्यात फोन केला. "तुम्ही त्यांच्या कोण?" असं विचारलं गेलं. तिला नातं सांगता आलं नाही. धानोलीत तिच्या ओळखीचं कोणी नाही, आणि अन्वी तापाने फणफणली आहे.

म्हणून हे वाचणाऱ्यांना तिचं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कोणी धानोलीत असाल, किंवा तिथून जाणार असाल, तर बसस्थानकाच्या मागे निळी तीन मजली इमारत आहे, गच्चीवर दोन काळ्या टाक्या असलेली. दुसरा मजला, डोंगराच्या बाजूची शेवटची खोली, लाल पडद्याची. एकदा जाऊन या. सोबत थोडं काही खायला न्या, म्हणजे आत शिरायला निमित्त होईल. रागावले तर रागावू द्या. आणि दार वाजवून लगेच परत फिरू नका. उठायला वेळ लागतो.